नावेवरील हत्यारांची पेटी

बुलढाणा जिल्हा आणि नाव हे दोन शब्द एका वाक्यांत आले म्हणजे कोंकणांतील आमच्या वाचकांस किंचित् हंसूं येईल, हें आम्ही जाणून आहों. समुद्रापासून शेंकडों मैल दूर, कापूस, सोयाबीन आणि ज्वारी पिकविणारा हा मुलूख. त्यास नावेचें काय काम? परंतु जिल्ह्याच्या नकाशाकडे जरा निरखून पाहावें. पैनगंगा याच भागांत उगम पावून वर्धेच्या भेटीस पूर्वेकडे निघते. घाटाखालची पूर्णा पश्चिमेस वळून तापीस मिळते. आणि घाटावरची खडकपूर्णा गोदावरीच्या खोऱ्याची वाट धरते. या पाण्यांवर नळगंगा, पेनटाकळी, खडकपूर्णा अशीं धरणें झालीं, आणि ज्या गांवांना पूर्वीं गुडघाभर पाण्यांतून नदी ओलांडण्याची संवय होती, त्यांच्या दाराशीं जलाशय येऊन उभा राहिला. देऊळगांव राजा तालुक्यांतील खडकपूर्णेच्या जलाशयास तर संत चोखासागर असें नांव आहे; ज्या मेहुणा राजा गांवीं चोखोबांचा जन्म झाला असें मानतात, तें याच तालुक्यांत आहे. अशा जलाशयांवर मासेमारी करणाऱ्यांच्या होड्या चालतात, आणि ज्यांचीं शेतें फुगवट्याच्या पलीकडे राहिलीं अशीं कांहीं कुटुंबेंही स्वतःची लहानशी होडी बाळगतात.

अशाच एका एकत्र कुटुंबाचें पत्र या वेळीं आमच्यापुढें आहे. त्यांची होडी फायबरची असून मागें लहानसें पेट्रोल इंजिन बसविलेलें आहे. गेल्या वैशाखांत संध्याकाळीं शेतांतून परततांना, ज्या फळीवर इंजिन आवळलेलें असतें तिचे दोन बोल्ट ढिले झाले आणि भर पाण्यांत इंजिन एका अंगास कललें. तेवढ्यांत आभाळ भरून वळवाचा वारा सुटला. नावेंत चार माणसें, त्यांत एक नऊ वर्षांची मुलगी. पाना घरीं राहिलेला. बोटांनीं आवळलेले नट टिकेनात. एकुलत्या एका वल्ह्यावर पाळीपाळीनें जोर करीत सर्व मंडळी दीड तासानें कांठास लागलीं. कोणास इजा झाली नाहीं, ही ईश्वराची कृपा.

त्या दिवसापासून घरांत वाद चालला आहे. थोरले काका म्हणतात कीं, एक पाना, एक पक्कड आणि दुसरें वल्हें घेतलें कीं काम भागलें. बाकी सारी चैन आहे. अभियांत्रिकी शिकणाऱ्या पुतण्यास बॅटरीवर चालणाऱ्या सहा हत्यारांचा मोठा संच हवा आहे. आजीबाईंचें म्हणणें एवढेंच कीं, पैसा जावयाचा तर जाऊं द्या, पण पोरीला घेऊन पुन्हां असें अडकूं नका. या तिघांच्या वतीनें आम्हांस विचारलें आहे कीं, नावेवर ठेवावयाचीं बॅटरीचीं लहान हत्यारें कोणतीं घ्यावीं आणि तीं कशीं निवडावीं? प्रश्न एका घरचा असला तरी उत्तर पुष्कळांच्या उपयोगी पडेल, म्हणून तें सविस्तर देत आहों.

प्रथम आजीबाईंचें म्हणणें घेऊं, कारण तेंच मुख्य आहे. हत्यार हें नाव दुरुस्त करण्यासाठीं असतें; माणसें वांचविण्याचीं साधनें निराळीं. माणशीं एक तरंगणारें जाकीट, मुलांच्या मापाचें निराळें, दोन वल्हीं, पाणी उपसण्यास एक भांडें, लांब दोर, आणि निमुळत्या लांकडी खुंट्या व जाडें कापड. एवढें नावेंत असल्यावांचून हत्यारांची गोष्ट बोलूं नये. शेगांवच्या श्रीगजानन महाराजांची ओंकारेश्वरची कथा आमच्या वऱ्हाडांतील लहान मुलांसही ठाऊक आहे. खडकावर आपटून नाव फुटली, आंत पाणी शिरलें, तेव्हां प्रत्यक्ष नर्मदामाईनें त्या छिद्रास हात लावून नाव तीरास नेली, अशी ती कथा आहे. भाविकांस तींत माईची कृपा दिसते, आणि ती दिसावी. परंतु व्यवहाराचाही एक धडा तींत आहेच : नाव फुटली असतां पहिलें काम छिद्र बुजविण्याचें असतें. लांकडी खुंटी कापडांत गुंडाळून ठोकली कीं पुष्कळदां कांठ गांठतां येतो. तेथें विजेचें हत्यार कांहीं कामाचें नाहीं.

आतां काकांचें म्हणणें. साध्या हातहत्यारांस बॅटरी लागत नाहीं, तीं ऐन वेळीं 'उतरलीं' असें होत नाहीं, आणि पाण्यांत पडून वर काढलीं तरी पुसून पुन्हां कामास येतात. म्हणून नावेवरच्या प्रत्येक नटाच्या मापाचा पाना, एक पक्कड, दोन पेचकस, लहान हातोडी, लोखंड कापण्याची करवत, कानस आणि धारदार सुरी एवढीं हत्यारें आधीं असावींत. सुरीचें महत्त्व कित्येकांच्या ध्यानांत येत नाहीं. जलाशयांत इंजिनाच्या पंख्यास जाळें किंवा पाणवनस्पती गुरफटते, तेव्हां इंजिन बंद करून ती सुरीनेंच कापावी लागते. आमच्या पत्रलेखकांवर वैशाखांत जो प्रसंग आला, तो एका पान्यानें टळला असता, ही गोष्ट पुतण्यानेंही मान्य करावी.

मग बॅटरीचें हत्यार हवेंच कशाला? तें हवें, कारण आवळणें निराळें आणि नवें भोंक पाडणें निराळें. इंजिनाची फळी चिरली, बैठकीचा कोन तुटला, वल्ह्याचा आधार उखडला, म्हणजे नव्या जागीं भोंक पाडून पट्टी बसवावी लागते. आपले सुतार पूर्वीं हें काम सामत्यानें किंवा गिरमिटानें करीत. परंतु त्यास पाय रोंवून बसण्याजोगी स्थिर भूमि लागते. हलत्या होडींत एका हातानें कठडा धरून दुसऱ्या हातानें भोंक पाडावयाचें, तर बॅटरीचें ड्रिल हेंच खरें साधन. असें बिनतारी ड्रिल १९६१ सालीं अमेरिकेंतील ब्लॅक अँड डेकर कंपनीनें प्रथम बाजारांत आणलें. त्या वेळच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या जड असत व पडून राहिल्या कीं लवकर उतरत. १९९१ सालीं सोनी कंपनीनें लिथियम-आयन बॅटरी विक्रीस आणली, आणि पुढें ती हत्यारांतही आल्यावर हलकें व जोरदार हत्यार शक्य झालें. या बॅटरीच्या शोधाबद्दल २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस मिळालें.

येथें आम्हांस जें मुख्यतः सांगावयाचें आहे तें असें : हत्यार निवडूं नये, बॅटरी निवडावी. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस हें समजण्यास कठीण नाहीं. घरांत माणसें अनेक, पण चूल एक. त्याचप्रमाणें हत्यारें अनेक, पण बॅटरी एका जातीची. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या हत्यारास बहुधा बसत नाहीं. इतकेंच नव्हे, तर एकाच कंपनीच्या घरगुती व व्यावसायिक मालाच्या बॅटऱ्याही कांहीं ठिकाणीं परस्परांस चालत नाहींत. आज एका जातीचें ड्रिल, उद्यां सवलतींत मिळालें म्हणून दुसऱ्या जातीची करवत, परवां तिसऱ्या जातीचा दिवा असें करीत गेल्यास घरांत तीन चुली होतात, तीन चार्जर लोंबूं लागतात, आणि पाण्यावर असतां नेमकी न बसणारी बॅटरी हातीं येते. म्हणून पहिला प्रश्न 'कोणतें ड्रिल चांगलें' हा नसून 'आपल्या घरीं कोणती बॅटरी आधींच आहे' हा आहे.

बाजारांत लहान हत्यारांच्या दोन मुख्य जाती आढळतात : १२ व्होल्टची व १८ व्होल्टची. यांतील आंकड्यांनीं पुष्कळजण फसतात, म्हणून थोडें गणित सांगतों. लिथियमचा एक सेल सामान्यतः ३.६ व्होल्टचा धरतात. तीन सेल मिळून १०.८ व्होल्ट होतात. तेच पूर्ण भरले असतां १२ च्या वर जातात, म्हणून वेष्टनावर १२ छापतात. पांच सेलांचे १८ व्होल्ट होतात, आणि तेच पूर्ण भरले असतां २० होतात. यास्तव '२० व्होल्ट मॅक्स' असें लिहिलेलें हत्यार १८ व्होल्टच्याहून वरचढ आहे असें दुकानदारानें सांगितल्यास विश्वास ठेवूं नये. दोन्ही एकच होत. खामगांवची चांदी आपण कसास लावून घेतों. बॅटरीचाही कस असाच काढावा. व्होल्टांस अँपिअर-तासांनीं गुणलें म्हणजे आंत सांठलेली शक्ति वॉट-तासांत निघते. १०.८ व्होल्ट व २ अँपिअर-तासांच्या बॅटरींत २१.६ वॉट-तास, १८ व्होल्ट व २ अँपिअर-तासांच्या बॅटरींत ३६, आणि १८ व्होल्ट व ५ अँपिअर-तासांच्या बॅटरींत ९० वॉट-तास असतात. वेष्टनावरील मोठ्या अक्षरांपेक्षां हा आंकडा अधिक खरें बोलतो.

होडीवरील दहावीस भोंकांस व तितक्याच स्क्रूंस २०-२२ वॉट-तास पुरतात. म्हणून ज्या घरीं बॅटरीचें एकही हत्यार नाहीं, त्यांनीं १२ व्होल्टच्या जातीचें लहान ड्रिल घ्यावें. बॅटरीसह त्याचें वजन सुमारें एक किलो असतें आणि तें एका हातांत मावतें. परंतु ज्या घरीं शेतावर किंवा वाड्यांत १८ व्होल्टचीं हत्यारें आधींच आहेत, त्यांनीं होडीसाठीं म्हणून निराळी जात आणूं नये. त्याच जातींतील सर्वांत लहान ड्रिल, बॅटरीशिवाय नुसतें विकत घ्यावें आणि त्यास २ अँपिअर-तासांची लहान बॅटरी लावावी. आमच्या पत्रलेखकांच्या घरीं फांद्या छाटण्याची १८ व्होल्टची करवत आधींच आहे, असें पत्रांतच लिहिलेलें आहे. तेव्हां पुतण्याच्या सहा हत्यारांच्या संचाची गरज नाहीं. त्याच जातीचें एक ड्रिल, एक दिवा आणि एक जादा बॅटरी एवढेंच पुरें. दिवा हें हत्यार नव्हे असें वाटेल, पण अंधारांत नट शोधणाऱ्यास विचारावें. मोठी बॅटरी एक घेण्यापेक्षां लहान दोन घ्याव्या. एक पाण्यांत पडली किंवा बिघडली तरी दुसरी राहते.

ड्रिल घेतांना मोटर ब्रशविरहित असलेलीच घ्यावी. जुन्या पद्धतीच्या मोटरींत कार्बनचे ब्रश फिरत्या भागावर घांसतात आणि तेथें बारीक ठिणग्या उडतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षां जड असल्यामुळें नावेच्या तळाशीं सांचून राहते, हें ज्यास ठाऊक आहे त्यास या ठिणगीचें भय सांगावयास नको. ब्रशविरहित मोटरींत ती घांसण्याची ठिणगी नसते आणि त्याच बॅटरीवर काम अधिक होतें. तथापि तेवढ्यानें निर्धास्त होऊं नये. पेट्रोलचा वास येत असतां कोणतेंही विजेचें हत्यार, दिव्याचें बटणसुद्धां, चालवूं नये. आधीं गळती थांबवावी, तळ पुसून काढावा व वारा खेळूं द्यावा. याच कारणास्तव लोखंड घांसण्याचा ग्राइंडर नावेवर मुळींच नेऊं नये. त्याच्या ठिणग्या पेट्रोलास आणि फायबरास दोहोंसही घातक आहेत.

धक्के देऊन स्क्रू पिळणारें 'इम्पॅक्ट' हत्यार पुतण्याच्या यादींत आहे. गंजलेला बोल्ट सोडविण्यास तें उत्तम. पण फायबरच्या भिंतींत स्क्रू आवळण्यास तें वापरल्यास भिंतीस तडा जातो. शिवाय स्टेनलेस स्टीलचा नट स्टेनलेस बोल्टावर वेगानें चढविल्यास आटे तापून एकमेकांस धरून बसतात व मग तो कापूनच काढावा लागतो. म्हणून भोंक ड्रिलनें पाडावें, नट मात्र आट्यांस थोडें ग्रीस लावून हातांतील पान्यानेंच आवळावा. फायबरमध्यें भोंक पाडतांना तोंडास मुखपट्टी व डोळ्यांस चष्मा अवश्य लावावा. ती धूळ फुप्फुसांस बाधते.

कोंकणांत नावेवरील हत्यारांचा शत्रु म्हणजे मीठ. खारी हवा महिन्याभरांत लोखंड खाऊन टाकते. आमच्या जलाशयांत गोडें पाणी आहे, त्यामुळें ती भीति येथें कमी. येथील शत्रु ऊन आहे. मे महिन्यांत घाटाखालीं पारा ४३-४४ अंशांस टेंकतो, आणि उन्हांत ठेवलेली बंद पत्र्याची पेटी बाहेरच्या हवेपेक्षां पुष्कळच अधिक तापते. लिथियमची बॅटरी उष्णतेंत झपाट्यानें म्हातारी होते, आणि सुमारें ४० अंशांच्या वर ती चार्ज करूं नये असें बहुतेक कारखानदार सांगतात. याचा अर्थ असा कीं, हत्यारें नावेवर राहिलीं तरी बॅटऱ्या नावेवर राहूं नयेत. निघतांना त्या डब्याप्रमाणें बरोबर न्याव्या, आल्यावर घरांत सावलींत ठेवाव्या, थंड होऊं द्याव्या, आणि रात्रीं चार्ज कराव्या. फार दिवस वापरावयाच्या नसल्यास त्या पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून न ठेवतां अर्ध्या भरलेल्या ठेवाव्या.

ज्यांची नाव मोठी आहे व जे पाण्यावरच मुक्काम करतात, त्यांनीं इंजिनाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर थेट चालणारा चार्जर त्याच कंपनीचा मिळतो का हें पाहावें. ३६ वॉट-तासांची बॅटरी भरतांना थोडी तूट धरून सुमारें ४५ वॉट-तास लागतात, म्हणजे इंजिनाच्या बॅटरींतून चार अँपिअर-तासांहूनही कमी. आमच्या पत्रलेखकांस मात्र याची जरुरी नाहीं. तासाभराच्या प्रवासास चार्जरपेक्षां जादा बॅटरी बरी.

समुद्रावरील एक उदाहरण येथें उपयोगी पडेल. गोव्याच्या दिवाडी बेटावरील रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नावेंतून नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनीं २००९-१० मध्यें एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. असें करणारे ते पहिले भारतीय. अशा प्रवासांत सुतार, लोहार व वीजतंत्री हे सारे एकाच माणसानें व्हावें लागतें. त्याच कारखान्यांतील 'तारिणी' नावेंतून नौदलाच्या सहा महिला अधिकारी २०१७-१८ मध्यें जगप्रदक्षिणेस गेल्या, तेव्हां परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेंत बिघाड झाला व एप्रिल २०१८ मध्यें त्यांना मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरांत ठरलें नसतांना थांबावें लागलें. आणि दुरुस्ती करून त्या २१ मे २०१८ रोजीं सुखरूप गोव्यास पोंचल्या. एवढ्या सज्ज नावेसही बंदर गांठावें लागलें, यावरून एक गोष्ट ध्यानांत घ्यावी कीं, हत्यार आहे पण सुटा भाग नाहीं, तर दुरुस्ती अडतेच. म्हणून पेटींत हत्यारांइतकीच जागा जादा नट, बोल्ट, वायसर, इंजिनाचा स्पार्क प्लग, तार, चिकटपट्टी आणि एक जाड फळकूट यांस द्यावी. हें सामान शंभर-दोनशें रुपयांच्या हिशेबांतलें असतें, आणि हजारोंचें ड्रिल त्यावांचून मुकें बसतें.

पेटी प्लॅस्टिकची, झांकण घट्ट बसणारी, फिकट रंगाची व दोरीनें नावेस बांधलेली असावी. प्रत्येक हत्यारास हातभर दोरी लावून ती मनगटांत अडकवितां येईल असें करावें. भिजलेली बॅटरी पुसून लगेच चार्ज करूं नये. ती बाजूस, उघड्यावर, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावी व दुकानदारास परत करावी. निकामी बॅटरी केरांत टाकणें धोक्याचें आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणें ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हां तसा आग्रह धरावा. स्वस्त मिळते म्हणून नकली बॅटरी घेऊं नये, आणि खरेदीपूर्वीं त्या कंपनीचें दुरुस्ती-केंद्र खामगांव, अकोला किंवा जालना यांपैकीं कोठें आहे हें विचारून घ्यावें. ज्याच्या दुरुस्तीस मुंबई गांठावी लागते, तें हत्यार कितीही नामांकित असो, आपल्या उपयोगाचें नाहीं.

शेवटीं एक गोष्ट. एकत्र कुटुंबांत सर्वांची वस्तु ती कोणाचीच नव्हे असें होण्याचें भय असतें. पाना त्या दिवशीं घरीं राहिला, तो कोणी मुद्दाम ठेवला म्हणून नव्हे, दुसऱ्यानें घेतला असेल असें प्रत्येकास वाटलें म्हणून. यासाठीं पेटीच्या झांकणाला आंतून सामानाची यादी चिकटवावी, आणि निघण्यापूर्वीं ती मोठ्यानें वाचण्याचें काम एका व्यक्तीकडे द्यावें. आमच्या मतें तें काम त्या नऊ वर्षांच्या मुलीकडे द्यावें. मुलें यादी वाचतांना एकही नांव गाळीत नाहींत आणि मोठ्यांची भीड धरीत नाहींत. तसेंच मृगापूर्वीं एखाद्या रविवारीं होडी कांठास बांधून घरांतील प्रत्येकानें, सुनांनीं आणि मुलींनींही, इंजिनाचे बोल्ट एकदां सोडून पुन्हां आवळावे, एका जुन्या फळीस ड्रिलनें भोंक पाडावें आणि खुंटी ठोकून पाहावी. काकांनीं पाना शिकवावा, पुतण्यानें ड्रिल शिकवावें. जाकिटें मात्र त्या दिवशींही सर्वांनीं घालावीं, होडी कांठाशीं बांधलेली असली तरी.